ऐकला, पाहिला नाही

भवानीपूर, कलकत्ता
रविवार, ११ नोव्हेंबर १९७३

चि. चारुदत्त,

आशीर्वाद लिहिले तर घेशील की परत पाठवशील ते माहीत नाही, तरी लिहितो. चार वर्षांत हे पहिलं पत्र. पत्ता मेजर श्यामकांत राजाध्यक्षांकडून मिळवला. त्यांच्यावर रागावू नकोस. मी गोड बोलून काढून घेतला, आणि गोड बोलण्यावरच माझं इतकी वर्षं चाललंय.

मेजरसाहेब फोर्ट विल्यमला बदलून आल्यापासून इथल्या मराठी मंडळात येतात. दिवाळीच्या फराळाला म्हणाले, "साटम, तुमचे धाकटे बंधू आसामच्या जंगलात एवढं काम करतायत आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?" मी चकली तोंडात घातली. तुझ्या पुष्पावहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "तिखट लागली वाटतं." गेल्या रविवारी मेजरांनी आम्हा दोघांना क्वार्टरवर बोलावलं, तुझी सायक्लोस्टाइल केलेली यादी दाखवली आणि तू जंगलात भरलेली पक्ष्याची टेप लावली.

मला कळलं ते असं. बरहोलोंगचं जंगल प्लायवुडसाठी तोडायला द्यायचं चाललं आहे. जानेवारीत समिती पाहणीला येणार. तू त्या जंगलातले दोनशे बारा पक्षी लिहून काढले आहेस, आणि त्यातला एक भारतात कुणीच कधी नोंदलेला नाही. मेजर म्हणाले, "हा एकच पक्षी कुऱ्हाड थांबवेल." तो म्हणजे क्रमांक १३७, पिवळ्या डोक्याचा मलायी बुलबुल. पुढे तुझा शेरा आहे : ऐकला, पाहिला नाही.

चारू, १३७ काढून टाक. तो पक्षी तुझ्या जंगलात नाही. कशावरून म्हणतो ते विचारू नकोस. बाकी यादीला मी हात लावत नाही, ती उत्तम वाटली.

पुष्पा बरी आहे. तिचा गुडघा दुखतो. तुझी खोली तशीच आहे असं लिहिणार होतो, पण तशी नाही. तिथे दाण्याची पोती असतात.

अण्णा

*

भवानीपूर
रविवार, २ डिसेंबर १९७३

चि. चारुदत्त,

तुझं कार्ड पोचलं. साडेतीन ओळी. "पक्षी ओळखायला मला पिंजऱ्याची गरज लागत नाही. ज्यांनी जंगल टोपलीतून पाहिलं त्यांनी जंगलाबद्दल बोलू नये. समिती सतरा जानेवारीला येते, मला कामं आहेत." सही नुसती चा. साटम. मी तुझा भाऊ असून तू मला अर्जाखाली करतात तशी सही केलीस. अक्षर मात्र सुधारलंय.

टोपलीतून पाहिलं हे खरं. मी जंगलात एकदाही गेलो नाही. मालवणातून आलो तो खिदिरपूरच्या गोदीत कारकून म्हणून, आणि एका खलाशाचा आजारी काकाकुवा बरा करून विकला, तिथून हा धंदा. पण दुकान आठव. पक्षी सांभाळणारा आपला इद्रिस मियाँ पिंजरे कसे टांगायचा? जमिनीवर पालापाचोळा उकरणारे खाली, त्यांच्यावर झुडपातले, मग मधल्या फांद्यांवरचे, आणि छताला शेंड्यावरचे, हिरवे, फळं खाणारे. मी एकदा सोयीसाठी वरचे खाली आणले तर आठवडाभर दुकान मुकं झालं. इद्रिस म्हणाला, "बाबू, तळमजल्याच्या माणसाला गच्चीवर झोपवलंत तर तो गाईल का?" तू तेव्हा नववीत होतास. बाकावर बसून वहीत मजले काढत होतास. चार मजल्यांचं जंगल तू आधी कलकत्त्यात पाहिलंस, आसामात नंतर. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. टोमणा म्हणून वाचलंस तरी चालेल.

आता कशावरून ते सांगतो, कारण न सांगता तू ऐकणार नाहीस.

मलायी बुलबुल दुकानात एकच आला होता, तू एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होस्टेलवर होतास तेव्हा. पेनांगच्या बोटीवरच्या एका खानसाम्याने आणला. सुरईतून पाणी ओतावं तसा आवाज. पण गाण्यात खोट होती. पाच ताना वर चढायच्या आणि सहावीच्या जागी नुसती चोच वाजायची, टक्, की परत पहिल्यापासून. इद्रिस म्हणाला, हा फार कच्च्या वयात धरलाय, बापाकडून गाणं पुरं शिकलेला नाही. तरी गळा असा की इद्रिसने त्याला उस्ताद केलं.

उस्ताद करणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, पण हे पत्र तुझ्याकडे दुसरं कुणी वाचलं तर कळावं म्हणून लिहितो. भीमराज, आपल्याकडचा भृंगराज, शेपटीला दोन लांब तारा असलेला काळा पक्षी, कुणाचीही नक्कल करतो. त्याचा पिंजरा कापडाने झाकून उस्तादाच्या पिंजऱ्याशेजारी चाळीस दिवस ठेवायचा. दिसायचं काही नाही, फक्त ऐकायचं. इद्रिस त्याला चिल्ला म्हणायचा. एकेचाळिसाव्या दिवशी कापड काढलं की भीमराज उस्तादाचं गाणं गातो, खोटेसकट.

मेजरांच्या टेपवर मी पाच ताना मोजल्या. मग टक्. परत पहिल्यापासून. तीनदा. जंगलात वाढलेला पक्षी गाणं पुरं करतो. हा आमच्या दुकानात शिकलेला भीमराज आहे.

तो तिथे कसा गेला? सत्तर साली तिनसुकियाकडे एक पार्सल परत जात होतं, वाटेत टोपली फुटली आणि काही भीमराज निसटले. एवढंच.

तू झाडाच्या शेंड्याला दुर्बीण लाव. पिवळं डोकं शोधू नकोस, दोन तारा शोध.

अण्णा

*

भवानीपूर
बुधवार, १९ डिसेंबर १९७३

चि. चारुदत्त,

तुझं उत्तर नाही. तुझ्या बायकोचं, सौ. सुचित्राचं, बंगालीत लिहिलेलं कार्ड आलं. तिला मी पाहिलेलं नाही, पण अक्षरावरून सरळ बाई दिसते. तिने लिहिलंय, "दादा, हे रागावले आहेत. पण टेप रोज लावतात. काल बोटांवर मोजत होते. तुमच्या पत्रातली टोपली फुटल्याची गोष्ट त्यांना पटत नाही. म्हणतात, अण्णांच्या टोपल्या फुटत नाहीत." पुढे लिहिते, मी कार्ड टाकलं हे त्यांना सांगू नका. मी सांगतो आहे, कारण घरात एकाने लपवलेलं पुरे.

टोपली फुटली नव्हती. मी सोडायला सांगितले.

हे लिहायचं तर एकोणसत्तरच्या जूनपासून लिहावं लागतं. मैनेची पिल्लं, सात टोपल्या, सियालदहला उतरली होती. तू सुट्टीला आला होतास. तू गेलास, टोपल्या उघडल्यास, आणि मेलेल्या पिल्लांची हातगाडी घेऊन घरी आलास तेव्हा एकही टोपली आवाज करत नव्हती. मी तुला सांगितलं, शहर बंद होतं, माल उचलता आला नाही. चारू, बंद एकच दिवस होता. पुढचे दोन दिवस मी मुद्दाम थांबलो. सिंगापूरच्या गिऱ्हाइकाची तार यायची होती. माल दुकानात आणला असता तर इथल्या दलालांना कळलं असतं, म्हणून तो स्टेशनवरच राहू दिला. इद्रिस दोनदा म्हणाला होता, जा बाबू. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ.

तू म्हणालास, या घरात जेवणार नाही. मी म्हणालो, "आजवर जेवलास ते याच टोपल्यांतलं. कॉलेजची फी कुठून आली ते पक्ष्यांना विचार." पुष्पा मध्ये पडली नसती तर आणखीही बोललो असतो. तू चप्पल न घालताच जिना उतरलास. त्या चपला पुष्पाने वर्षभर कुणाला उचलू दिल्या नाहीत.

त्यानंतर इद्रिस माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला. फेब्रुवारीत अकरा भीमराजांचा चिल्ला संपला. कलकत्त्यात तसे पक्षी कुणाकडे नव्हते. गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी ते तिनसुकियाच्या आपल्या माणसाकडे परत पाठवले आणि लिहिलं, जिथून आणलेस तिथे सोडून ये. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. त्याने दोनदा तार करून विचारलं. ते सगळे तू घर सोडण्याआधी आलेले, बरहोलोंगचे होते, तुझी वही सांगेल, तूच नोंद केली होतीस. तू त्याच जंगलात नोकरी शोधत गेलास हे मला मेजरांकडून यंदा कळलं. तेव्हा ठाऊक असतं तर दुसरं जंगल निवडलं असतं.

का सोडले ते विचारशील. एखादं काम चांगलं करावं वाटलं, ते केलं, आणि ते कुणाला सांगावं असं वाटलं नाही. सांगितलं असतं तर ते तुला परत बोलावण्यासाठी केल्यासारखं झालं असतं. धंदा बंद केला असंही नाही. मैना अजून जातात, नव्या कायद्याच्या परवान्यावर. टोपल्या मात्र आता मी स्वतः उतरवून घेतो.

तर हे असं आहे. माझ्या हातून एक बरं काम झालं आणि तेच तुझ्या यादीत शिरलं. समितीत प्लायवुडवाल्यांचा एखादा जाणकार असेलच. त्याने १३७ खोटा पाडला तर बाकीचे दोनशे अकराही खोटे ठरतील. मी बाजारातला माणूस आहे. एक आंबा नासका निघाला की गिऱ्हाईक पाटी परत करतं, हे मी रोज पाहतो.

अण्णा

*

भवानीपूर
रविवार, ६ जानेवारी १९७४

चि. चारुदत्त,

तुझं पत्र काल आलं. यावेळी दोन पानं. वर मायना नाही, खाली सही नाही, तरी दोन पानं.

तू लिहितोस की सत्तावीस डिसेंबरला नदीच्या वळणावर पहाटे दोन तास मान वर करून बसलास आणि दोन तारा दिसल्या. पाच ताना, टक्. आणि तिथून दीड मैलावर दुसरा भीमराज, तोही तसाच. तो आपल्या अकरांतला की त्यांच्याकडून शिकलेला, हे सांगता येत नाही म्हणतोस. मलाही येणार नाही.

आता तुझी अडचण. तू लिहितोस, "१३७ नुसता खोडला तर का खोडला ते विचारतील. कारण सांगायचं तर तुमचं नाव येतं. इथे कुणाला ठाऊक नाही माझा भाऊ काय करतो. मी सगळ्यांना सांगितलंय, अण्णा दाण्याचे व्यापारी आहेत." हे वाचून मी थोडा वेळ बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पुष्पाने विचारलं, "काय लिहितो?" मी म्हटलं, "मला दाण्याचा व्यापारी म्हणतो." ती म्हणाली, "बरंय की. निदान भाऊ तरी म्हणतो."

माझं मत विचारलेलं नाहीस. तरी देतो. कारण सांग, पूर्ण सांग. नाव घालून सांग. सोबत माझं लेखी निवेदन जोडलं आहे, इंग्रजीत, एस्प्लनेडच्या टायपिस्टकडून करवून घेतलं. त्यात उस्ताद, चिल्ला, अकरा भीमराज, महिना, वर्ष, जंगलाचं नाव, सगळं आहे. खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

पाकीट बंद करण्याआधी मेजरांना दाखवलं. ते दोनदा वाचून म्हणाले, "साटम, हे कळतंय ना तुम्हाला? राखीव जंगलातून पक्षी आणवले, हे तुम्ही स्वतःच्या सहीने कबूल करताय. मार्चमध्ये तुमचा परवाना पुन्हा मंजुरीला जाईल."

मी म्हटलं, "मेजरसाहेब, मी वाचूनच सही करतो."

"भावाने मागितलंय का?"

"नाही. मागितलं असतं तर दिलं नसतं कदाचित."

ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की प्रत्येक अधिकारी आपल्या चुकीचं असं निवेदन देईल तर सैन्याची निम्मी कपाटं रिकामी होतील. मला त्यांचं म्हणणं नीट कळलं नाही, पण कौतुक असावं.

निवेदन वापर किंवा फाड. तू फाडलंस तर मला कळवू नकोस. वापरलंस असं मी धरून चालेन. एवढं मात्र कर : बुलबुल गेला म्हणून हातपाय गाळून बसू नकोस. एका परक्या पाहुण्यासाठी जंगल राखायचं, हे मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. मजले मोज. त्यांना सांग, शेंड्यावरचे किती, मधले किती, जमिनीवरचे किती, आणि वरचं झाड पाडलं की खालचे तिन्ही मजले कसे मुके होतात. हे मी दुकानात पाहिलं आहे, ते निवेदनात सहाव्या कलमात लिहिलं आहे. टायपिस्टला ते कलम अनावश्यक वाटलं. मी त्याला म्हटलं, तू टंकलेखन कर.

अण्णा

*

भवानीपूर
रविवार, २४ मार्च १९७४

चि. चारुदत्त,

टेपांचं पार्सल मंगळवारी मिळालं. तेरा स्पूल, आणि चिठ्ठी एकच : "अण्णा, यादीतले फक्त ऐकलेले पक्षी आहेत. एकदा ऐक. घाई नाही." एवढ्या कामाला घाई नाही म्हणणारा तू पहिलाच.

समितीची हकीगत मेजरांकडून कळली होती. तू उभा राहून १३७ स्वतः खोडलास, निवेदन मोठ्याने वाचलंस, आणि प्लायवुडवाल्यांच्या जाणकाराने "हे दिगंबर साटम कोण" असं विचारल्यावर म्हणालास, "माझे थोरले भाऊ. पक्षी विकतात. त्यांनीच मला शिकवलं." मेजरांना हे तिथल्या वनाधिकाऱ्याने सांगितलं. मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, दुसऱ्यांदा ऐकू आलं नाही असं सांगून. माझ्या कानांबद्दल कुणी हे खरं मानेल असं वाटत नाही.

नदीकाठचा वरचा भाग पाच वर्षं तोडायचा नाही, खालचा द्यायचा, असा निकाल झाला. अर्धं गेलं. तुला वाईट वाटत असेल. मला धंद्याची सवय, म्हणून अर्धं राहिलं असं वाटतं. पाच वर्षांत पुन्हा मोज.

माझा परवाना आला नाही. कारण दिलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. दुकानात आता दाणे, मासे आणि माशांच्या काचेच्या पेट्या. म्हणजे तू तिथे सांगितलं होतंस ते उशिरा का होईना खरं झालं. इद्रिस मियाँ म्हणतो, मासे बरे, सकाळी कुणी ओरडत नाही. पण हातीबागानच्या पक्ष्यांच्या बाजारात दर रविवारी नुसतं ऐकायला जातो. आजही गेलाय.

आता काम. टेपरेकॉर्डर मेजरांनी दिला आहे. मी आणि इद्रिसने चार दिवस ऐकलं.

स्पूल एक ते तीन बरोबर. दोनवर धनेशाचे पंख आहेत, आवाज नाही. इंजिन वाफ सोडतं तसं ते येतं. तिथे तू "ओरडतो" लिहिलंयस, "उडतो" कर.

चारवर तू दोन वेगळे पक्षी नोंदले आहेस. ते एकाच जातीची जोडी आहे, तलवारीसारख्या वाकड्या चोचीची. नर तीन वेळा बोलतो आणि मादी इतक्या लगेच उत्तर देते की एकच वाटतं किंवा दोन वाटतात, पण दोन जाती नाहीत. यादीतून एक कमी.

पाच, सहा, सात बरोबर. आठ मला माहीत नाही, इद्रिसलाही नाही. माहीत नाही असंच लिही.

नऊवरचा पक्षी नाही, खार आहे. इद्रिस पोट धरून हसला. रागावू नकोस, दुकानात एका मोठ्या साहेबाने एकदा बेडकाला पक्षी म्हणून दाद दिली होती.

दहा ते बारा बरोबर. अकरावर मागे कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. ते पुसू नकोस.

तेरावी टेप घराच्या मागच्या पडवीतून घेतली आहेस असं वाटतं, कारण पत्र्यावर दव टपकतंय. तांबट आहे, बरोबर आहे. पण टेप तिथे थांबत नाही. तू यंत्र बंद करायचं विसरलास. तांबट गप्प झाल्यावर एक बाई बंगालीत म्हणते, "एकटू धरो तो," म्हणजे जरा धर पाहू. मग तुझी पावलं. मग कुणीतरी रडतं. भुकेचं रडणं नाही, झोप मोडल्याचं आहे. गळ्यावरून दोन महिन्यांचं असावं, फार तर अडीच. मग तू मराठीत काहीतरी पुटपुटतोस, आणि टेप संपते.

हे तू कळवलं नव्हतंस. मीही टोपलीचं लगेच कळवलं नव्हतं, तेव्हा तो हिशेब सोडून देऊ.

पुष्पाने ते स्पूल आज सकाळपासून सहा वेळा लावलं. तांबटासाठी म्हणते. गुडघा दुखत असूनही यंत्रासमोर खाली बसून आहे. मुलगा की मुलगी, ते मला रडण्यावरून ओळखता येत नाही. इद्रिस म्हणतो त्यालाही नाही. ती विचारते आहे. नावही विचारते आहे. तीच विचारते, मी नाही. तरी उत्तर माझ्या नावाने टाक.

अण्णा